उत्तर बाकी

स्मरणिकेसाठी शाळेची जुनी कागदपत्रे चाळण्याचे काम संपादक मंडळाने आम्हां चौघा माजी विद्यार्थ्यांकडे सोपविले. कार्यालयामागील कोठीत एका पत्र्याच्या पेटीत हजेरीपट, धान्याच्या पावत्या आणि स्नेहसंमेलनांची छायाचित्रे होती. त्यांच्या तळाशी कापडी पाठीच्या तीन लांबट वह्या सापडल्या. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात ‘पत्रमित्र : आवक-जावक’ असे लिहिलेले आहे. वह्या हाती घेताच आम्ही ओळखल्या, कारण त्यांतील कितीतरी पाने आमच्याच हस्ताक्षरात आहेत.

पुढे बैठकीत या वह्यांचे काय करावे, हा विषय निघाला. एका सदस्यांनी विचारले, “पत्रेच उरलेली नाहीत, तर नुसत्या नोंदी ठेवून काय उपयोग?” प्रश्न गैर नव्हता. पत्रे ज्याची त्याच्याकडे गेली. काही घराच्या पावसाळी भिंतींत कुजली, काही लग्नानंतर मागे राहिली, काही चुलीत गेली. उरले ते केवळ क्रमांक, तारखा, गावांची नावे आणि ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना. तरीही या वह्या रद्दीत जाऊ नयेत, इतकेच नव्हे तर आपल्या वसतिगृहात अशी वही पुन्हा सुरू व्हावी, असे आमचे ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

वहीचा जन्म गोंधळातून झाला. १९८६ साली आम्ही सातवीत होतो. मराठीच्या सरांनी मासिकांतील पत्रमैत्रीच्या सदरांतून आणि आपल्या ओळखीच्या शिक्षकांकडून बाहेरगावच्या मुलामुलींचे पत्ते मिळविले आणि आम्हांस वाटून दिले. पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांस मिळे. महिन्याला प्रत्येकास शाळेकडून दोन कार्डे मिळत : एक घरी लिहिण्यासाठी, दुसरे मित्रास. दोन महिन्यांतच असा घोळ झाला की विचारू नये. एकाच मुलास आमच्यातील दोघांनी पत्रे लिहिली. तीन उत्तरे अशी आली की ती कोणाच्या पत्रांची, हे कोणास सांगता येईना. एकजण ‘मी पत्र टाकले, त्यानेच उत्तर दिले नाही’ असे शपथेवर सांगत असता ते कार्ड त्याच्याच पेटीत, अंकगणिताच्या पुस्तकात सापडले.

तेव्हा कार्यालयातील लिपिक भाऊंनी आम्हांस बारनिशी शिकविली. सरकारी कचेरीत आलेल्या कागदाची प्रथम नोंद होते, मग तो साहेबांपुढे जातो. या नोंदीच्या कामास बारनिशी म्हणतात. भाऊंचा नियम एकच होता : आधी क्रमांक, मग वाचन. वहीच्या डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर जावक. रकाने असे : अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून अथवा कोणास, गाव, कार्ड की आंतरदेशीय की लिफाफा, टपालाच्या शिक्क्यावरील तारीख, विषय, उत्तराचा क्रमांक आणि शेरा. सायंकाळची वंदना झाली की टपाल वाटले जाई. परंतु वहीत क्रमांक चढल्याखेरीज पत्र कोणाच्या हाती पडत नसे. जे मूल पत्राची आतुरतेने वाट पाहत असे, त्यास ती दोन मिनिटे फार लांब वाटत, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो.

पहिल्या वहीत ‘पत्ता अपुरा, परत’ असा शेरा वारंवार दिसतो. ती आमचीच हयगय. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला होता आणि तो घडविण्यात श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतज्ञ अधिकाऱ्यांचा प्रमुख वाटा होता. तरी एका नावाची चार गावे असतात आणि ती वेगळी ओळखता यावीत म्हणूनच हे सहा अंक आहेत, हे आमच्या ध्यानी येण्यास वर्ष गेले. दुसऱ्या वहीत गावाच्या रकान्यात पिन आला आणि परत येणारी पत्रे घटली.

पुढे महाविद्यालयात गेल्यावर आम्हांस कळले की, ही कल्पना केवळ कचेरीची नाही. ‘ॲलिस इन वंडरलँड’चा कर्ता लुईस कॅरल, म्हणजे ऑक्सफर्डचा गणिताचा अध्यापक चार्ल्स डॉजसन, याने १ जानेवारी १८६१ पासून आपल्या पत्रव्यवहाराची नोंदवही ठेवली होती. आलेले आणि पाठविलेले प्रत्येक पत्र त्यात क्रमांकाने, थोडक्या मजकुरासह नोंदलेले असे. १८९८ साली तो वारला तोवर क्रमांक ९८,७२१ वर पोहोचला होता. त्याच्या पत्रव्यवहारात लहान मुलांना लिहिलेली पत्रे पुष्कळ होती. पत्रलेखनाविषयी १८९० साली त्याने एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत ही वही कशी आखावी, हेही सांगितले आहे आणि उत्तर लिहावयास बसण्यापूर्वी मूळ पत्र समोर घेऊन पुन्हा वाचावे, असा साधा परंतु आजही दुर्मीळ ठरावा असा सल्ला आहे. त्याची ती नोंदवही मात्र पुढे नाहीशी झाली. आमच्या तीन वह्या पत्र्याच्या पेटीत टिकल्या, हे म्हणूनच आम्हांस अप्रूप वाटते.

आता मूळ मुद्दा. माणसाची आठवण आपल्याच बाजूने साक्ष देते. आपण लिहिलेले पत्र लक्षात राहते, आपण न दिलेले उत्तर लक्षात राहत नाही. आमच्या बाबतीत ही गोष्ट एका नाजूक जागी येऊन टेकली होती आणि ती आज मोकळेपणाने सांगावी, असे आम्ही ठरविले आहे.

आमच्या पत्रांचा मायना ‘सप्रेम जय भीम’ असा असे. समोरून बहुधा ‘स. न. वि. वि.’ येई, काही मित्र पुढे आपणहून ‘जय भीम’ लिहू लागले. काहींकडून उत्तरच आले नाही. हळूहळू खोल्यांतून अशी समजूत पसरली की, जय भीम वाचले की पुढले लोक कार्ड फाडून टाकतात. काही मुलांनी मुकाट्याने मायना बदलून ‘नमस्कार’ केला. सरांच्या ते ध्यानात आले. त्यांनी व्याख्यान दिले नाही, रागावलेही नाहीत. वहीत आणखी एक रकाना आखावयास सांगितला : मायना. सहामाही परीक्षेपर्यंत प्रत्येकाने आपल्या पत्रात कोणता मायना लिहिला ते नोंदवावयाचे, एवढेच.

सहामाहीनंतर वही उघडून आम्ही ओळीओळीने मोजले. उत्तरे न आलेली पत्रे दोन्ही मायन्यांची होती. त्याहून लाजिरवाणी गोष्ट आवकच्या पानावर होती. ज्या मित्रांवर आम्ही अबोल्याचा आरोप करीत होतो, त्यांपैकी काहींचे शेवटचे पत्र आमच्याकडे येऊन पडले होते आणि त्यापुढील ‘उत्तराचा क्रमांक’ हा रकाना रिकामा होता. गप्प ते नव्हते, आम्ही होतो.

परंतु गोष्ट इथेच संपविली तर ती खोटी होईल. त्याच सहामाहीत एक आंतरदेशीय पत्र आले. त्यात मुलाने सरळ लिहिले होते की, तुमच्या शाळेतील मुलांशी पत्रव्यवहार करू नये असे घरचे म्हणतात, तेव्हा यापुढे लिहू नये. ज्यास ते पत्र आले त्याने शेऱ्यात ‘पत्रव्यवहार बंद’ असे लिहिले आहे. त्याखाली सरांची सही आणि दिनांक आहे. सर एरवी कोणत्याही नोंदीखाली सही करीत नसत. असे पत्र एक होते. ते तारखेसह होते. ‘सगळेच तसे’ असे म्हणण्याची सोय वहीने आमच्याकडून काढून घेतली, आणि ‘तसे काही नसतेच’ असे म्हणण्याची सोयही कोणास ठेवली नाही. ज्या समाजाच्या अनुभवास पुरावा मागितला जातो, त्या समाजाच्या मुलांना हा धडा लहानपणी मिळाला, हे आम्ही आपल्या शाळेचे मोठे देणे मानतो.

दोन टोकांच्या नोंदी राहिल्या म्हणजे काय हाती लागते, याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉय यांस पत्र लिहिले. दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली नव्हती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते आणि त्याच्या दोन-तीन प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांची स्थिती आणि तेथील कृष्णवर्णीयांची स्थिती यांतील साम्याचाही त्यांनी उल्लेख केला होता. ड्यू बॉय यांनी ३१ जुलैस उत्तर दिले. नॅशनल निग्रो काँग्रेसचे निवेदन त्यांनी सोबत जोडले आणि पुढे अधिक विस्तृत निवेदन तयार झाले तर तेही पाठवू, असे कळविले. हे आपणांस आज ठाऊक आहे, कारण ड्यू बॉय आलेली पत्रे जपून ठेवीत आणि आपल्या उत्तरांच्या नकलाही ठेवीत. ते सर्व दप्तर १९७३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयाकडे आले आणि प्रश्न व उत्तर दोन्ही तेथे एकत्र आहेत. केवळ आवक जपली असती, तर बाबासाहेबांनी विचारले एवढेच आपणांस कळले असते. काय उत्तर मिळाले ते कळले, याचे श्रेय जावकच्या नकलेस आहे.

आमच्या वहीत दोष नव्हते असे नाही. पहिल्या वर्षी पत्रे वाटण्यापूर्वी फोडून वाचली जात आणि ‘विषय’ हा रकाना वाचणारेच भरीत. ‘अभ्यासाव्यतिरिक्त मजकूर’ अशी नोंद पहिल्या वहीत जागोजागी आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी मित्रास लिहिलेल्या पत्रात अभ्यासाव्यतिरिक्त मजकूर नसेल, तर दुसरे काय असावे? आम्ही मुलांनी तक्रार केली. सरांनी ती उचलून धरली. पुढे नियम झाला की, वहीत पत्राच्या बाहेरील गोष्टीच लिहाव्यात. विषय ज्याचा त्याने लिहावा आणि वाटल्यास कोरा सोडावा. पत्रे मोजणारी वही मुलांची राखण करते, पत्रे वाचणारी वही त्यांच्यावर पाळत ठेवते. नव्या वहीचा विचार करताना हा फरक सुटला, तर ती वही न केलेलीच बरी.

मुलींच्या विभागाची हकीकत याहून कडू आहे. आमच्या चौघांतील एकीच्या नावापुढे सलग सात महिने जावक आहे, आवक एकही नाही. मैत्रिणीने पाठ फिरविली असे समजून तिने लिहिणे सोडले. दिवाळीच्या सुटीत घरच्या पत्त्यावर त्या मैत्रिणीचे एक लिफाफाबंद पत्र आले. त्यात मजकूर थोडा होता आणि तारखांची यादी मोठी : अमुक दिवशी पहिले पत्र टाकले, अमुक दिवशी दुसरे, अशी पाच. पाचही पत्रे वसतिगृहापर्यंत आली होती. नोंद होण्यापूर्वीच कोणीतरी ती बाजूस काढीत होते, कारण मुलीस इतकी पत्रे येणे त्यांस बरे दिसत नव्हते. आमची वही त्या सात महिन्यांत अगदी नीटनेटकी होती आणि तरी ती खोटी होती. खरे काय ते दुसऱ्या टोकाच्या मुलीने आपल्या वहीच्या मागच्या पानावर जपलेल्या यादीमुळे कळले. ‘आधी क्रमांक, मग वाचन’ या भाऊंच्या नियमाचा पुरता अर्थ आम्हांस त्या दिवशी समजला. क्रमांक घालणाऱ्या हाताच्या आधी दुसरा कोणताही हात पत्रास लागता कामा नये. आणि पत्रमित्रांनी एकमेकांना आपापला क्रमांक पत्राच्या माथ्यावर लिहून कळविला पाहिजे, म्हणजे मधला आकडा गळला की लगेच दिसतो.

दुसऱ्या वहीतील एका नोंदीने मात्र आम्हांस फार अस्वस्थ केले. आठवीतला एक मुलगा. त्याचे नाव येथे देत नाही. सातारा जिल्ह्यातील एका शाळेतील मुलाशी त्याचा नियमित पत्रव्यवहार होता. वहीत त्याच्या नावावर अकरा पत्रे गेलेली आणि बारा आलेली दिसतात. १९८८ च्या दिवाळीच्या सुटीत तो घरी गेला आणि आईवडिलांबरोबर ऊसतोडीस निघून गेला; परत आलाच नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘सतत गैरहजर’ या कारणाने त्याचे नाव कमी केल्याची एक ओळ आहे. हजेरीपटातून तो गेला, भोजनगृहाच्या यादीतून गेला, खोलीतील त्याची जागा दुसऱ्यास मिळाली. पत्रे मात्र येत राहिली : एक डिसेंबरात, एक जानेवारीत, एक मार्चमध्ये. वहीत तिन्हींची नोंद आहे. पहिल्या दोहोंपुढे ‘विद्यार्थी हजर नाही’ असा शेरा आहे. तिसऱ्यापुढे ‘उत्तर बाकी’ एवढेच. शाळेच्या सर्व दप्तरांत तो मुलगा नोव्हेंबरात संपतो; या एका वहीत तो मार्चपर्यंत आहे, कारण कोणीतरी त्याची वाट पाहत होते.

ते वर्ष वही सांभाळण्याचे काम आमच्यापैकी एकाकडे होते. ‘उत्तर बाकी’ हे अक्षर त्याचेच. तो मुलगा शाळेत नाही, हे पंधरा पैशांच्या कार्डावर दोन ओळींत कळविता आले असते. त्या वयात ते सुचले नाही. किंवा सुचले आणि टाळले. मित्र गेला हे लिहावयाचे म्हणजे तो खरोखर गेला हे मान्य करावयाचे. आम्ही कोणीच त्याच्या गावी चौकशीस गेलो नाही, मोठ्यांपैकी कोणी गेल्याचीही नोंद नाही.

काही पालक म्हणतील, आता प्रत्येकाच्या हाती फोन आहे. पत्रमित्र आणि त्यांची वही हा म्हाताऱ्यांचा हळवेपणा झाला. हळवेपणाचा आरोप थोडासा कबूल आहे. पण फोनवर निळ्या खुणा दिसल्या म्हणून उत्तर मिळाले असे होत नाही, आणि फोन बदलला की वर्षभराचे बोलणे जागच्या जागी पुसले जाते. शिवाय आपल्या वसतिगृहात शाळेच्या दिवसांत मुलांजवळ फोन ठेवू दिला जात नाही, तो नियम योग्यही आहे. मग मुलांनी बाहेरच्या जगाशी बोलावे कसे, याचे उत्तर आपण देणे लागतो. पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांस मिळते. जगात २००५ पासून ‘पोस्टक्रॉसिंग’ नावाचा उपक्रम चालतो. पोर्तुगालच्या एका तरुणाने तो सुरू केला. त्यात प्रत्येक कार्डास क्रमांक असतो, आणि कार्ड पोहोचल्याची नोंद त्या क्रमांकाने झाली, म्हणजे पाठविणाऱ्याची दुसऱ्या कोणाकडून कार्ड मिळण्याची पाळी येते. लिपिक भाऊंना ही पद्धत पाहून आनंद झाला असता.

यास्तव आम्ही संस्थेपुढे एक लेखी सूचना ठेवली आहे. सहावीपासून पुढील मुलांसाठी पत्रमित्र-वही सुरू करावी आणि ती मुलांनीच, दोघांदोघांच्या जोडीने, महिन्यामहिन्याने पाळी बदलून ठेवावी. टपालाची पिशवी त्या जोडीसमोर उघडावी. पत्र कोणी मोठ्याने फोडू नये. प्रत्येक मुलाने स्वतःपुरती एक लहान वही ठेवावी, लांबलचक पत्राखाली कार्बन घालून नक्कल ठेवावी. कार्बनचा खर्च आम्ही माजी विद्यार्थी उचलू. आणि जे मूल शाळा सोडून जाईल, त्याच्या नावापुढे जितके पत्रमित्र असतील त्या प्रत्येकास वही सांभाळणाऱ्या जोडीने एक कार्ड पाठवावे, त्याशिवाय त्या मुलाचे पान मिटवू नये. या शेवटच्या कलमावर बैठकीत बराच खल झाला. दरवर्षी शाळा सोडणाऱ्या मुलांची संख्या त्यामुळे चारचौघांत दिसेल, असे एका सदस्यांचे म्हणणे पडले. ती दिसावी असेच आम्हांस वाटते.

कार्यकारिणीने वह्या जतन करण्यास मान्यता दिली आहे; नवी वही सुरू करण्याचा निर्णय पुढील बैठकीवर सोपविला आहे. तोवर आम्ही थांबलो नाही. गेल्या महिन्यात साताऱ्याकडील त्या शाळेच्या पत्त्यावर, ‘१९८८-८९ साली आपल्याकडे शिकणारा विद्यार्थी’ असे म्हणून त्या मित्राच्या नावे एक लिफाफा पाठविला आहे. त्याच्या शेवटच्या तिन्ही पत्रांच्या तारखा त्यात दिल्या आहेत, आपला मित्र तेव्हा कोठे गेला ते लिहिले आहे, आणि उत्तर देण्यास उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली आहे. ज्याच्यासाठी ती पत्रे आली होती, त्या आमच्या सोबत्याच्या गावीही चौकशी सुरू केली आहे. तिसऱ्या वहीच्या शेवटच्या क्रमांकाखाली, जावकच्या पानावर, लिफाफ्याची नोंद केली आहे. पिन लिहिला आहे. उत्तराचा रकाना अजून कोरा आहे.